स्प्लेंडर प्लस, मागच्या सीटवर आजी-आजोबा असतील तर

मराठवाड्यात शंभर सीसीच्या गाडीबद्दल बोलणं मायलेजपासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. पण ही गाडी शेतावर आणि कामावर जाण्यापुरती नसते. सुट्टीच्या दिवशी पैठणकडच्या आत्याकडे चक्कर मारायची, अंबडच्या मामांना महिन्याची औषधं पोचवायची, आजीला गावाहून तालुक्याच्या दवाखान्यात आणायचं आणि संध्याकाळच्या आत परत सोडायचं, हे सगळं तिच्यावरच होतं. म्हणून हीरोची स्प्लेंडर प्लस इथं मागच्या सीटच्या बाजूने तपासली आहे. चालवणारा तरणा, मागे सत्तरीचं माणूस, हातात पिशवी, आणि वाटेत डांबर संपून खडी, खडी संपून काळी माती.

निकाल आधीच सांगून टाकतो. घर ते गाव ३०-४० किलोमीटर असेल तर या कामाला इतकी सोयीची गाडी कमीच. हलकी आहे, बुटकी आहे, आणि बिघडली तर बाजाराच्या कुठल्याही गावात तिचा मिस्त्री आणि तिचे पार्ट भेटतात. पण शोरूममधून बाहेर पडते तशी ती म्हाताऱ्या माणसासाठी तयार नसते. साडी गार्ड, मागचे शॉकअप, सीटचं कव्हर आणि हेडलाईटचा रोख एवढं नीट करून घेतलं तरच मागचं माणूस सुखाने बसतं.

आकडे थोडक्यात. इंजिन ९७.२ सीसी, ताकद ८.०२ पीएस, टॉर्क ८.०५ न्यूटन मीटर, चार गिअर. वजन ११२ किलो, सीटची उंची ७८५ मिलिमीटर, पोटाखालची मोकळी जागा १६५ मिलिमीटर, टाकी ९.८ लिटर. डबल सीट ४५-५० च्या वेगाने चालवली तर लिटरला ५५ ते ६५ किलोमीटर पडतात, म्हणजे टाकी भरली की पेट्रोलची चिंता नाही. साठच्या पुढे हँडलला आणि फूटरेस्टला थरथर जाणवते. चालवणारा ती सहन करतो, पण गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला ती तळपायातून वर चढते. चार गिअरची ही गाडी पन्नासच्या आसपास शांत असते आणि म्हातारं माणूस मागे असताना त्याहून जास्त वेग हवाच कशाला?

आता सीट. ७८५ मिलिमीटर उंची चालवणाऱ्याला आरामात पुरते, दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि गाडी स्थिर धरता येते. मागे चढणाऱ्याला मात्र तीच उंची जास्त पडते, आणि खरी अडचण इथं असते. बरेच जण गाडी साईड स्टँडवर लावून आजोबांना चढायला सांगतात. गाडी डावीकडे कललेली, सगळा भार एका स्टँडवर, आणि खाली भुसभुशीत माती असेल तर स्टँड आत रुततो. मेन स्टँडवर बसवणं सुरक्षित वाटतं खरं, पण मग माणसासकट गाडी स्टँडवरून खाली घेताना जो हिसका बसतो त्याने कंबर धरते.

बरी पद्धत अशी. चढायची जागा आधी हेरून ठेवा. घराचा ओटा, मारुतीचा पार, दवाखान्याची पायरी, फूटभर उंची मिळाली तरी पुरे. ओटा गाडीच्या डाव्या अंगाला येईल आणि मध्ये वीतभर अंतर राहील अशी गाडी लावा. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, साईड स्टँड वर उचललेला. चालवणाऱ्याने आधी बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर रोवायचे आणि पुढचा ब्रेक दाबून धरायचा. मागच्याने डावा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवून उजवा पाय सीटवरून पलीकडे टाकायचा. ओट्यावरून हा पाय सहज पलीकडे जातो, जमिनीवरून तो टाकताना तोल जातो. दोन्ही पाय फूटरेस्टवर आले हे डोळ्यांनी बघून घ्या, मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. उतरतानाही डावीकडेच. सायलेन्सर उजव्या बाजूला आहे आणि धोतर वर सरकलेल्या पोटरीला तो लागला की भाजल्याचा डाग महिनाभर जात नाही. साखर असलेल्या माणसाला तर अशी जखम लवकर भरतच नाही.

आजी एका बाजूने बसणार असतील तर साडी गार्डशिवाय गाडी जागची हलवू नका. मागच्या माणसाला धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवंच, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ सांगतो. तरी साडी गार्ड बसला की गाडी 'घरगुती' दिसते म्हणून पोरं तो काढून घरात टाकून देतात. तो परत बसवा. त्याला खाली आडवं पायदान असलेला प्रकार घ्या, कारण एका बाजूने बसल्यावर दोन्ही पाय डावीकडे असतात आणि एकट्या फूटरेस्टवर दोन चपला मावत नाहीत. पायदानाचे बोल्ट दर सर्व्हिसिंगला आवळून घ्यायचे, खडीच्या रस्त्यावर ते हमखास सैल होतात. नऊवारीचा काष्टा असेल तर काळजी कमी, पण सहावारीचा पदर आणि धोतराचा सोगा दोन्ही कमरेला खोचलेले हवेत. चेनची काळजी मात्र या गाडीत नाही. तिला पूर्ण बंद चेनकव्हर आहे, त्यामुळे कापड अडकत नाही आणि धूळ-चिखलही फारसा आत जात नाही. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करून पाहता येते. साधारण इंचभर ढील बरोबर. बंद आहे म्हणून ती पाहायचीच नाही असं झालं, तर आतल्या आत सैल पडून कव्हरला घासते आणि आवाज येईपर्यंत कळत नाही.

सीटचा फोम नवा असताना ठीक आहे, पण दोन-तीन वर्षांत मागच्या भागात दबतो. सीटकव्हर शिवणाऱ्याकडून नवा फोम टाकून घ्यावा, थोडा कडकच. मऊ फोमवर बसल्यावर बरं वाटतं, पण खड्ड्यात तो पूर्ण दबून खालचा पत्रा लागतो. वरचं रेक्झिन गुळगुळीत असतं, त्यावर नायलॉनची साडी ब्रेक लागला की पुढे सरकते. जाळीचं कव्हर त्यावर चांगला उपाय आहे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते कमी तापतं. गोधडीची घडी सीटवर ठेवायची सवय मात्र सोडा. न बांधलेली घडी माणसासकट घसरते.

मागचे शॉकअप पाच टप्प्यांत कमी-जास्त होतात. हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसतं आणि कारखान्यातून आलेल्या टप्प्यावर गाडी आयुष्यभर चालते. स्प्रिंगच्या खालच्या कड्याला खाचा असतात, हूक पान्याने कडं फिरवलं की टप्पा बदलतो. दोन्ही बाजू सारख्याच टप्प्यावर हव्यात, नाहीतर गाडी वाकडी बसते. एकट्यासाठी पहिला-दुसरा, डबल सीटला तिसरा. एकदम पाचव्यावर नेऊ नका. पाचव्यावर शॉकअप दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. हाडं ठिसूळ झालेल्या वयात एक जोराचा दणका मणका दबायला पुरेसा असतो. उलट पहिल्यावर ठेवून डबल सीट नेलं तर गतिरोधकावर शॉकअप खाली टेकतो, तो दणका आणखी वाईट. गावात शिरताना रंग न मारलेले गतिरोधक असतात आणि मागच्याला पुढचं दिसत नसतं, त्यामुळे त्याला अंग सावरायला वेळ मिळत नाही. चालवणाऱ्याने दहा-पंधरा मीटर आधी तोंडाने सांगायचं: "आजी, गतिरोधक आला." एवढ्याने ती सीटची कडी घट्ट धरते, आणि निम्मं काम तिथंच होतं.

टायरची हवाही याच हिशोबातली. पुढे २५ आणि मागे एकट्यासाठी २८, डबल सीटला गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला जास्तीचा आकडा. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची. पेट्रोल पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय दोन्हीकडे सारखीच ३५ भरतो, त्याने पुढचं चाक खडीवर उड्या मारतं.

ब्रेक दोन्हीकडे १३० मिलिमीटरचे ड्रम. पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्याला हीरो आयबीएस म्हणते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना असा जोडब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचा झाला. डबल सीटला हा जोडब्रेक फार चांगला, गाडी दोन्ही चाकांवर सारखी बसत थांबते आणि मागचं माणूस पुढच्यावर आदळत नाही. अडचण चिखलात. ओल्या काळ्या मातीत पायाचा ब्रेक दाबला की पुढचं चाकही अडतं आणि हँडल हातातून निसटतं. तिथं पहिला किंवा दुसरा गिअर ठेवून इंजिनच्या जोरावरच वेग कमी करायचा, ब्रेकला हात-पाय लावायचा नाही. फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली की लायनर (ड्रममधले ब्रेकचे पट्टे) ओले होतात आणि पहिला ब्रेक लागतच नाही. पलीकडे गेल्यावर पन्नासेक मीटर ब्रेक हलका दाबून गाडी चालवा, लायनर कोरडे होतात. पुलावर पाणी वाहत असेल आणि खालचा काँक्रीट दिसत नसेल तर मागे माणूस घेऊन जाऊच नका. मुरुमाची धूळ ड्रममध्ये साठून ब्रेक किंचाळतो, तेव्हा लायनर बदलायच्या आधी ड्रम उघडून साफ करायला सांगा. मिस्त्री मागच्या रॉडची नट आवळून मोकळा होतो. त्याला पुढच्या केबलची ढीलही तपासायला लावा, जोडब्रेकमध्ये दोन्ही बाजूंचा मेळ लागतो.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगावंच लागेल, कारण कुठलीही कंपनी आपल्या मातीचा विचार करून मडगार्ड बनवत नाही. मृगाचा एक चांगला पाऊस पडला की शिवरस्त्यावर दोन-तीनशे मीटरमध्ये माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसते आणि चाक फिरणं थांबतं. क्लच धरून जोर केला की क्लच प्लेट जळते, बाकी काही होत नाही. काडीने माती उकरली तरी पुढच्या पन्नास मीटरला तेच. शेतकरी पुढचं मडगार्डच काढून ठेवतात, पण मग डांबरी रस्त्यावर चाक चिखल तोंडावर उडवतं. शहाणपणाचं काम म्हणजे निघण्यापूर्वी गावात फोन करून "गाडी घरापर्यंत येती का?" असं विचारणं, आणि नाही म्हणाले तर डांबरीवर ओळखीच्या दुकानापाशी गाडी लावून चालत जाणं. आजीला त्या दिवशी आणायचंच असेल तर तिला बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने डांबरीपर्यंत आणून मग गाडीवर बसवायचं. परत आल्यावर चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की तो इंजिनच्या पात्यांमध्ये दगडासारखा होतो आणि हवेवर थंड होणारं इंजिन तापायला लागतं.

सध्याच्या गाडीला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर येतात, हा खेड्यातल्या रस्त्यावर मोठा फायदा. वेड्या बाभळीचा काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका, त्यानेच छिद्र मोकळं होतं. हवा भरून पुढचं गाव गाठा. सीटखाली फार जागा नाही, पण पंक्चर काढायचा सुआ, रबरी दोऱ्या आणि छोटा पायपंप पिशवीत राहतो.

ओझ्याचा हिशोब लोक करत नाहीत. माहितीपुस्तिकेप्रमाणे गाडीवर एकूण १३० किलो भार चालतो, त्यात माणसंही आली. ७० किलोचा चालवणारा आणि ५५ किलोच्या आजी झाल्या १२५. उरले पाच किलो. म्हणजे गावाहून येताना ज्वारीचं अर्धं पोतं आणि आजी एकाच फेरीत बसत नाहीत. पोतं एसटीने किंवा दुसऱ्या फेरीला आणा. टाकीवर आडवं ठेवलेलं पोतं हँडल अडवतं आणि वळणावर तेच घात करतं. हँडलला लटकवलेल्या तुपाच्या डब्याचंही तसंच. पाच किलोपर्यंतची पिशवी मागच्याच्या आणि पुढच्याच्या मध्ये, सीटवर घट्ट बसलेली, ही सगळ्यात चांगली जागा. इन्सुलिन नेत असाल तर उन्हात साईड कव्हरच्या आत किंवा सीटखाली ठेवू नका, इंजिनची धग तिथं पोचते. थर्मासमध्ये थंड पाण्याची बाटली ठेवून तिच्या शेजारी कापडात गुंडाळून न्या. बर्फाला थेट टेकलं तर ते गोठून निकामी होतं.

हेडलाईट हा या गाडीचा सगळ्यात कमजोर भाग. ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब गावातल्या गल्लीत पुरतो, माजलगाव किंवा केजच्या रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या दिसायला तो पुरत नाही. डबल सीटला आणखी एक गोष्ट होते. मागची बाजू दबते आणि उजेडाचा झोत वर उचलला जातो, म्हणजे रस्ता अंधारात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झगमगाट. हेडलाईटचा बोल्ट किंचित सैल करून, मागे माणूस बसवून, भिंतीवर झोत पाहून तो खाली घ्या. बाजारातले स्वस्त एलईडी बल्ब बसवू नका. रिफ्लेक्टर हॅलोजनसाठी बनवलेला असतो, एलईडीचा उजेड त्यात विखुरतो. रात्री निघायची गरज वरचेवर पडत असेल तर याच स्प्लेंडरची एलईडी हेडलाईटवाली एक्सटेक २.० घ्या, जास्तीचे पैसे त्या एका कारणासाठी वसूल आहेत. ब्लूटूथचं मीटर या कामाला गरजेचं नाही.

२०२० पासूनच्या बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांना कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. थंडीत सकाळी चोक ओढायची कटकट गेली. पण रिझर्व्हचा कॉकही गेला, काट्यावरच भरवसा. काटा खाली टेकेपर्यंत वाट पाहू नका, पंप टाकीत असतो आणि कोरडा चालला की लवकर खराब होतो. बॅटरी लहान, तीन अँपिअरची. गाडी गावातल्या घरी महिना-दोन महिने उभी राहत असेल तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवून आणायला सांगा, नुसती जागेवर चालू करून उपयोग नाही. आय३एस म्हणजे सिग्नलला आपोआप इंजिन बंद होण्याची सोय. डबल सीटला तिचं बटण बंदच ठेवा. उतरता-चढताना माणसाचा हात खांद्यावर असतो, तेव्हा क्लच दाबताच इंजिन अचानक चालू झालं की म्हातारं माणूस दचकतं.

मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे आणि आजोबांच्या टोपीवर ते बसत नाही, टोपी खिशात. हलकं, आयएसआय खुणेचं घ्या. हेल्मेटमध्ये मागून बोललेलं चालवणाऱ्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून थांबायची खूण आधी ठरवा: मागच्याने चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा. दर वीस किलोमीटरला पाच मिनिटं उतरवून चालवा, पाय आखडतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत पोचलं पाहिजे.

दुसऱ्या गाड्यांशी तुलना करायची तर आपल्या वाळूजला कारखाना असलेल्या बजाजची प्लॅटिना ११० मागच्या सीटला जास्त मऊ आहे आणि तिची पोटाखालची जागा २०० मिलिमीटर, खडीच्या रस्त्याला उत्तम. पण सीट ८०७ मिलिमीटर, म्हणजे चढायला जवळजवळ इंचभर उंच. ओटा मिळत असेल तर प्लॅटिना, नाही तर स्प्लेंडर. होंडा शाईन १०० फक्त ९९ किलोची आहे, सीट ७८६. शहरात ती सुटसुटीत, पण आतल्या गावात स्प्लेंडरइतके पार्ट पटकन मिळत नाहीत, आणि दुखऱ्या माणसाला घेऊन रस्त्यात उभं राहायची वेळ आली की हाच फरक महत्त्वाचा ठरतो.

साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे ही गाडी म्हाताऱ्या माणसासाठी नाही. संभाजीनगरहून बीडपर्यंत सव्वाशे किलोमीटर मागे बसवून नेणं म्हणजे त्यांचे पुढचे दोन दिवस अंथरुणात घालवणं. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ वाल्यांना निम्मं तिकीट, महिलांनाही मार्च २०२३ पासून निम्मंच. त्यांना एसटीत बसवा, आणि गाडी घेऊन फाट्यावर घ्यायला जा. फाट्यापासून घरापर्यंतचे पाच-सात किलोमीटर हे या गाडीचं खरं काम. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे जालन्याकडे जाताना जुनाच रस्ता.

नवी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्याआधीचं कोटेशन कोणी दाखवत असेल तर नवं मागून घ्या. वॉरंटी पाच वर्षं किंवा ७० हजार किलोमीटर, पण सर्व्हिसिंगच्या नोंदी पुस्तिकेत असायला हव्यात. जुनी घेत असाल तर मागे कुणाला तरी बसवूनच चालवून पाहा. गाडी एका बाजूला ओढते का, शॉकअपमधून तेल गळतंय का, फूटरेस्टचा रॉड वाकलेला आहे का, हे एकट्याने चालवून कळत नाही.